उट्रेख्तमधल्या तुमच्या लाडक्या जागा (राहून आलेल्यांनी लिहा, अॅमस्टरडॅमवाल्यांनी वाचा)

भटकभवानी

नेदरलँड्सला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, अॅमस्टरडॅम, ट्युलिपची बाग, पवनचक्क्या, झालं. उट्रेख्त म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन. आमच्याकडे दोन्ही घरची मंडळी राहायला आली तेव्हाही हेच, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे गं?" आणि मी दरवेळी तावातावाने सुरू व्हायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी तिथं काही वर्षं काढली, लेक तिथलीच, आता पुण्यात आहोत आणि मे महिन्यात तिघांनी जायचं घाटतंय. म्हटलं आपल्या जागा लिहून काढू, तुम्हीपण भर घाला.

माझी एक नंबरची जागा आउदेग्राख्त, म्हणजे गावाच्या मधोमध जाणारा जुना कालवा, पण वरून नाही, खालून. तिथं पाणी रस्त्यापासून चांगलं एक मजला खाली आहे. पाण्याला लागून धक्का, धक्क्यावर उघडणारी तळघरं, तळघरांच्या डोक्यावर रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरं. बाराव्या-तेराव्या शतकापासून व्यापाऱ्यांनी घराखालून रस्त्याच्या पोटात अशी तळघरं खणत नेली, होडी लागली की माल थेट आत. अॅमस्टरडॅमला हे बघायला मिळत नाही हो, तिथं घर, रस्ता, पाणी, सगळं जवळपास एकाच पातळीवर. इथं झाडंसुद्धा खालच्या धक्क्यावर आहेत, त्यामुळे वरून चालताना झाडाचा शेंडा आपल्या नाकासमोर असतो. टाउन हॉलच्या पुलापाशी हॉटेलांची गर्दी असते ती सोडा आणि कालव्याच्या कडेनं दक्षिणेला चालत सुटा, ट्वाइनस्ट्राटकडे. तिथं तळघरांमधे कुणाचा स्टुडिओ, कुणाचं सुतारकाम, आणि पायऱ्या उतरून बसलं तर कुणी विचारत नाही काय पाहिजे म्हणून. एका वसंतात आमच्या नेहमीच्या पायरीसमोर वारकऱ्यानं (तो काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा असलेला) घरटं केलं होतं, बुडालेल्या सायकलीच्या हँडलवर, आणि त्यात काड्या कमी आणि चिप्स खायचे लाकडी काटे, स्ट्रॉ, बिस्किटाचं चकचकीत वेष्टण असलाच ऐवज जास्त. लेक रोज शाळेतून येताना हजेरी घ्यायला उतरायची.

त्याच कालव्याच्या वरच्या फरसबंदीत एक कविता चाललीय. एका दगडात एक अक्षर, आणि दर शनिवारी दुपारी पुढचं एक अक्षर. २०१२ पासून सुरू आहे, संपवायचा कुणाचाच विचार नाही. पाथरवट तिथंच गुडघे टेकून छिन्नीनं अक्षर कोरतो, आजूबाजूला दहा-बारा लोक कॉफीचे कप घेऊन उभे, मग तो दगड बसवतो, थोडी वाळू सारतो आणि निघून जातो. एक वाक्य पुरं व्हायला काही महिनेसुद्धा लागतात. आमच्या काळात जेवढी अक्षरं बसली ती मला आता जाऊन चालत वाचायचीत.

आणि शनिवारी सकाळी ब्रेडस्ट्राटचा कापडबाजार. चारशे वर्षांहून जुना. ताग्यांच्या ताग्यांनी कापड, विक्रेते भाव ओरडतायत, बायका कापड चिमटीत धरून बघतायत, मला लक्ष्मी रोडची आठवण तिथं जितकी आली तितकी कुठंच नाही. गणपतीच्या मखराचा सॅटिन दरवर्षी तिथलाच. तिथून दोन मिनिटांवर यान्सकेर्कहोफचा फुलबाजार, दुपार कलली की भाव उतरतात, त्यामुळे गौरींसाठी फुलं घ्यायची तर उशिरा जायचं, हे मला एका डच आजींनी शिकवलं.

लिहा आता.

स्लो_लोकल

वा, धागा काढलात ते बरं झालं. मी कंपनीच्या प्रोजेक्टवर होतो, आणि मी रेल्वेवेडा असल्यामुळे माझी जागा ठरलेली, रेल्वे म्युझियम. ते एका खऱ्या जुन्या स्टेशनात आहे, मालीबान स्टेशन, १८७४ सालचं. १९३९ ला तिथली प्रवासी वाहतूक बंद पडली आणि १९५४ पासून म्युझियम. भारी गोष्ट म्हणजे उट्रेख्त सेंट्रलवरून तिथं जायला अजून छोटी गाडी सुटते, म्हणजे म्युझियमला रेल्वेनंच जायचं. आत पहिल्या डच इंजिनाची प्रतिकृती आहे, १८३९ ला अॅमस्टरडॅम ते हार्लेम धावलेलं, आपलं बोरीबंदर-ठाणे १८५३ चं म्हणजे फक्त चौदा वर्षांनी, हे मी तिथल्या प्रत्येक डच माणसाला ऐकवून आलोय.

दुसरी जागा कुणी जागा म्हणणार नाही, पण स्टेशनखालचा सायकल स्टँड. साडेबारा हजार सायकली!! तीन मजले, आत सायकल चालवतच जायचं, रांगांवर दिवे लावलेत कुठं जागा रिकामी आहे ते दाखवायला, पहिले चोवीस तास फुकट. आईबाबा आले तेव्हा बाबांना आधी डोम टॉवर (गावातल्या मोठ्या चर्चचा उंच मनोरा) दाखवला तर म्हणाले छान आहे, मग हा स्टँड दाखवला तर फोन काढून व्हिडिओ, आणि तो व्हिडिओ आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतो, पार्किंगवरून भांडण झालं की कुणीतरी टाकतंच.

कडवट_कारलं

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. मीपण राहिलोय. ऐन हिवाळ्यात साडेचारलाच अंधार, पाऊस वरून नाही तर आडवा येतो, आणि दुपारच्या जेवणाला ब्रेड-चीज, ब्रेड-चीज, वाढदिवस असला तर ब्रेड-चीज आणि केक. डोम टॉवर डोम टॉवर म्हणून लोक फोटो टाकतात, मी होतो तेवढी सगळी वर्षं तो टॉवर पायापासून टोकापर्यंत परांचीत होता. २०१९ ला बांधली परांची, मी गेलो २०२० मधे, निघालो तरी तशीच. मला अजून माहीत नाही तो कसा दिसतो.

भटकभवानी

@कडवट_कारलं, हाहा, परांचीसकट फोटो आमच्याकडेपण आहेत. पण टॉवरची खरी मजा टॉवरमधे नाहीच, टॉवर आणि चर्चच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. लोकांना वाटतं दोन वेगळ्या इमारती आहेत. एकच होती! मधला भाग १६७४ च्या वादळात कोसळला, पैसे नव्हते म्हणून घाईत कच्चा बांधलेला, आणि मग दीडेकशे वर्षं ढिगारा तसाच पडून. (हे वाचून कुणाला आपल्याकडचा एखादा उड्डाणपूल आठवला तर माझी हरकत नाही.) आता तिथं चौक आहे आणि फरसबंदीत पडलेल्या खांबांच्या जागा आखून ठेवल्यात. आणि चर्चच्या बाजूला मठाचं अंगण आहे, पांडहोफ, औषधी झाडांचं, मधे कारंजं. ऐन गर्दीच्या दिवशीसुद्धा तिथं शांत असतं. घरून फोन आला आणि रडू आलं तर मी तिथं जायचे. असो.

बस_नंबर_बारा

मास्टर्सला होते, आयडीवरून कळलंच असेल कुठं राहायचे आणि कुठं जायचे. स्टेशनवरून युनिव्हर्सिटी कॅम्पसला जाणारी १२ नंबर, दोन-दोन जोड असलेली लांबलचक बस, तरी सकाळी दारात लटकायचंच बाकी. मुंबईकर असल्यामुळे मी आत शिरायचे आणि माझे डच मित्र बाहेर रांगेत उभे राहून बघत बसायचे. २०१९ च्या शेवटी ट्राम आली आणि ती मजा गेली.

माझ्या जागा स्टुडंटच्या, म्हणजे फुकटच्या. नोइदे चौकातली लायब्ररी. पूर्वी तिथं मुख्य पोस्ट ऑफिस होतं, १९२४ चं, आणि हॉलचं छत म्हणजे पिवळ्या झिलईदार विटांची एकच उंच कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान वर केली की थंडीतही उबदार वाटतं. २०२० च्या मार्चमधे उघडली आणि लगेच लॉकडाऊन, म्हणजे आम्ही वाट बघत बसलो होतो आणि दार उघडून बंद झालं. नंतर थिसीस सगळा तिथंच लिहिला.

ग्रिफ्टपार्क. उन्हाचा पहिला दिवस आला की अख्खं गाव तिथं, सॉक्स काढून गवतावर. तिथं पूर्वी गॅसचा कारखाना होता, खालची जमीन इतकी विषारी की माती अडवून वर बाग केलीय. मी एन्व्हायर्नमेंटल सायन्सवाली, आम्हाला तो चक्क अभ्यासक्रमात होता, सकाळी त्याचे सॅम्पल रिपोर्ट वाचायचे आणि संध्याकाळी त्याच गवतावर बार्बेक्यू.

निवृत्त_मास्तर

सर्वांना नमस्कार. मी तेथे राहिलो नाही असे म्हणावे लागेल, परंतु मुलगा असल्यामुळे उन्हाळ्यात सौ. व मी मुक्काम ठोकून असायचो. आयुष्यभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवले. तेव्हा माझी जागा झोनेनबोर्ख वेधशाळा. जुन्या तटबंदीच्या बुरुजावर आहे. बाइस बालोट हे तेथले शास्त्रज्ञ. १८५४ मध्ये त्यांनी डच हवामान खाते तेथेच सुरू केले.

पण मला भावलेली गोष्ट निराळीच. डॉप्लरने १८४२ मध्ये सिद्धांत मांडला तो बाइस बालोटना पूर्ण पटेना. त्यांनी काय करावे? १८४५ मध्ये उट्रेख्त-मार्सेन लोहमार्गावर इंजिनामागच्या उघड्या डब्यात तुतारी वाजवणारे बसवले, आणि रुळाच्या कडेला ज्यांना सुरांचा कान आहे असे वादक उभे केले. गाडी जवळ येताना स्वर किती चढतो, दूर जाताना किती उतरतो ते केवळ कानाने ऐकून लिहायचे. पहिल्यांदा फेब्रुवारीत केले तर बर्फाच्या वादळाने बोजवारा उडाला, मग जूनमध्ये पुन्हा. आणि सिद्धांत बरोबर निघाला. मी पस्तीस वर्षे फळ्यावर रुग्णवाहिका काढून डॉप्लर इफेक्ट शिकवत आलो. मुलाला म्हटले मला मार्सेनच्या गाडीत बसव. त्याला वाटले मार्सेनला काही बघायचे आहे. काही नाही, फक्त खिडकीत बसून गेलो आणि आलो. सौ. अजून चिडवते.

स्लो_लोकल

काका, साष्टांग. मी त्या मार्गावरून रोज ऑफिसला जायचो आणि हे माहीत नव्हतं.

कोथिंबीर_जुडी

कुणी लोम्बोकबद्दल लिहिलंच नाही अजून??? स्टेशनच्या मागच्या दारानं बाहेर पडा, मिनारवाली मोठी मशीद दिसेल, तिथून कनालस्ट्राट सुरू. तुर्की, मोरोक्कन दुकानं, फुटपाथवर भाजीचे क्रेट, सुपरमार्केटात कोथिंबीर कुंडीत मिळते चार काड्यांची, आणि इथं जुडी!! मुळासकट, मातीसकट, दोन्ही हातांत मावेल एवढी. पुदिना तसाच. भेंडी, छोटी वांगी, हिरव्या मिरच्या, ओल्या खजुरांचे घोस, आणि शुक्रवारी दुपारी तर चालायला जागा नाही. पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं मला तिथं नेलं आणि मी भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायला लागले, तो तुर्कीत उत्तरं देत होता, व्यवहार झाला.

बऱ्याच गल्ल्यांना इंडोनेशियातल्या बेटांची नावं, डचांची वसाहत होती त्या काळातली. आणि मधेच एक पवनचक्की, द स्टेर, लाकूड कापायची. पर्यटक पवनचक्की बघायला तास-तास प्रवास करून लांब जातात आणि इथं स्टेशनपासून चालत जाऊन बघता येते, शेजारी शेळ्या-कोंबड्या, कुणी तिकीट मागत नाही. पाडलेली होती, लोकांनी पैसे जमवून नव्वदच्या दशकात परत बांधली.

सासूबाईंसोबत

नमस्कार, वाचनमात्र होते, आता विचारतेच. आम्ही जूनमधे जातोय, आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शाकाहारी आहेत, अंडंही नाही. टॉवरला चारशे पासष्ट पायऱ्या आहेत म्हणे. मग त्यांना काय दाखवू? आणि उट्रेख्तचा ससा म्हणतात तो कुठला?

सध्या_इथंच

@सासूबाईंसोबत, मी लाइत्स राइनला राहते, म्हणजे गावाच्या पश्चिमेला, सध्या. आधी @कडवट_कारलं, परांची निघाली हो टॉवरची, या बघायला.

ससा म्हणजे नाइन्त्या, इंग्रजीत मिफी. चित्रकार दिक ब्रुना इथलेच, १९५५ ला काढला त्यांनी तो पहिल्यांदा, आणि म्हातारपणीही सायकलवरून स्टुडिओत जायचे. त्याचं छोटं म्युझियम आहे, पाच वर्षांच्या मुलाला अजून आवडेल, सहा-सात नंतर नाही. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. आणि गावात बाइनकोर्फ दुकानाजवळ सिग्नलमधेच ससा आहे, लाल ससा, हिरवा ससा. मुलगा तो सिग्नल दहा वेळा ओलांडणार हे गृहीत धरून वेळ ठेवा.

सासूबाईंसाठी बोट. तासाभराची फेरी असते, कालव्यातून, बसून सगळं दिसतं, फक्त बोटीत उतरताना हात धरा. मग म्युझियम स्पेलक्लोक, मध्ययुगीन चर्चमधे आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं. गाइड एकेक वाद्य चालू करून दाखवतो. तीन व्हायोलिनं आपोआप वाजवणारं एक यंत्र आहे, त्यात घोड्याच्या केसांचा गोल फिरणारा गज, आणि कोबीच्या गड्ड्यातून डोकं काढणारा ससा आहे, कान हलवतो. शेवटी रस्त्यावरचे भलेमोठे ऑर्गन वाजतात तेव्हा लोक नाचतात. माझी आई नाचली.

किल्ला हवा असेल तर कास्टेल द हार, गावाबाहेर. दिसतो मध्ययुगीन पण सध्याचा बराचसा १८९२ नंतरचा आहे, पडझड झालेला होता, मालकाच्या बायकोकडून रॉथशिल्डांचा पैसा आला आणि कायपर्स या आर्किटेक्टकडून पुन्हा उभा केला. अॅमस्टरडॅमचं सेंट्रल स्टेशन पण त्यांचंच. बाग मोठी हवी म्हणून अख्खं खेडं उचलून बाजूला हलवलं! बाग सपाट आहे, बाकं आहेत, गुडघ्यांना त्रास नाही.

अंडं नाही म्हणजे पॅनकेक बाद, सॉरी. लोम्बोकमधे फलाफल, मसुराचं सूप (मांसाचं स्टॉक आहे का विचारून घ्या), आणि चिप्स. सुरिनामी रोटीच्या दुकानात भाजीची रोटी मिळते, बटाटा आणि लांब शेंगांची भाजी, पण अंडं बाजूला ठेवून देतात ते नको म्हणून आधी सांगा.

आणि हो, मत्स्यघंटा! वसंतात मासे गावातल्या कालव्यातून वर जायला निघतात आणि वेर्डस्लाउस नावाच्या जलद्वाराचं दार बंद असतं. तर पाण्याखाली कॅमेरा लावलाय, जगात कुठूनही बघायचं, मासा दिसला की घंटेचं बटण दाबायचं, मग दार उघडतात. २०२१ पासून आहे. जूनमधे तुम्ही याल तोवर हंगाम संपलेला असेल पण सासूबाईंना आत्ता लावून द्या मोबाइलवर.

सासूबाईंसोबत

लावून दिलं. दोन दिवस झाले, टीव्ही बंद आहे. काल रात्री साडेदहाला "अगं आला आला" म्हणून ओरडल्या. प्लास्टिकची पिशवी होती.

कडवट_कारलं

बरं, एक चांगलं लिहितो, नाहीतर म्हणाल याला काहीच आवडत नाही. मी आर्किटेक्ट, आणि डच आर्किटेक्ट रीटफेल्टचं श्र्योडर हाउस बघायला म्हणूनच उट्रेख्तची नोकरी घेतली होती असं म्हटलं तरी चालेल. १९२४ चं घर. साध्या विटांच्या चाळवजा घरांची रांग संपते आणि शेवटच्या भिंतीला चिकटून हे. आतला वरचा मजला म्हणजे एकच खोली, आणि सरकत्या भिंती ओढल्या की त्याच्या तीन-चार खोल्या. त्रुस श्र्योडर, तीन मुलांची विधवा आई, तिनं रीटफेल्टला सांगितलं मला भिंती नकोत, आणि १९८५ मधे वारेपर्यंत ती तिथंच राहिली. कोपऱ्यातली खिडकी बघा. दोन्ही पाखं उघडली की घराला कोपराच उरत नाही, खांब नाही, काही नाही, नुसती हवा. गाइडनं ती उघडली तेव्हा आमच्या गटातला एक जपानी माणूस टाळ्या वाजवायला लागला.

तेव्हा समोर उघडी शेतं होती, ती बघण्यासाठीच खिडकी. नंतर साठच्या दशकात बरोबर समोरून उंचावरचा मोठा रस्ता नेला. हे असं असतं. तिकीट आधी काढा, थोडेच लोक सोडतात एका वेळी. बाहेर पडून विल्हेल्मिनापार्कला बसा. आणि ब्रेड-चीज घरून न्या.

भटकभवानी

बघा, कारलं पण शिजलं की खाता येतं. :)

रस्त्यावरून आठवलं, अमेलिसवेर्ड कुणीच लिहिलं नाही! गावाच्या पूर्वेला जुन्या जहागिरींचं जंगल, मधून क्रोमे राइन नदी, सायकलनं वीसेक मिनिटं. तिथून महामार्ग नेला तेव्हा १९८२ ला लोक झाडांवर चढून बसले होते, पोलिसांनी उतरवलं आणि झाडं पाडली. तो रस्ता आणखी रुंद करण्यावरून पुढेही वर्षानुवर्षं भांडणं. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्या आंदोलनात मार खाल्लेला, त्या रस्त्यावरून गाडी नेत नाहीत, वळसा घालतात, अजूनही. आम्ही रविवारी थर्मासात चहा आणि डब्यात दडपे पोहे घेऊन जायचो. राइनआउवनच्या टी-हाउसला पॅनकेक खाणाऱ्यांची ही रांग, आणि आम्ही नदीकाठी पोहे. कयाकमधून जाणारे लोक डब्यात बघून "स्माकलक" (चवीनं जेवा) म्हणून ओरडायचे.

बस_नंबर_बारा

आणि गावाला वेढणारा सिंगल कालवा! स्टेशनजवळचा भाग सत्तरच्या दशकात बुजवून मोटारींसाठी रस्ता केला होता, २०२० च्या सप्टेंबरमधे रस्ता काढून परत पाणी सोडलं. आता कयाक घेऊन गावाभोवती पूर्ण फेरी मारता येते. पहिल्या दिवशी आम्ही पुलावर उभे होतो, लोक कपडे घालून उड्या मारत होते. @भटकभवानी, तुम्ही मे म्हणताय, जरा अलीकडे आणा ना. २६ एप्रिलच्या संध्याकाळी उट्रेख्तचा फ्रायमार्क्त सुरू होतो, रात्रभर, दुसऱ्या दिवशी राजाचा वाढदिवस. रस्त्यावर सतरंजी टाकून जो तो घरातलं जुनं सामान विकतो. तुमची लेक खेळणी विकेल.

भटकभवानी

शाळेची परीक्षा आहे गं एप्रिलअखेर, नाहीतर आलेच असते. बरं, सायकली भाड्यानं घ्यायच्यात तीन, लेकीची उंची आता बरी आहे पण डच मापात ती अजून लहानच धरतात. चोवीस इंची, पायानं उलट मारायच्या ब्रेकची नको, हातात ब्रेक असलेली. स्टेशनजवळ मिळेल का?

सध्या_इथंच

मिळेल, पण लहान मापाच्या मोजक्याच असतात, आधी फोन करून ठेवा. नाहीतर माझ्या मुलाची आहे, हँडब्रेकची, घंटा मोडलीय. व्यनि करा.